सीयूईटीचे पाच विषय कोणते घ्यावेत आणि कधी ठरवावेत: महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांत पदवीला प्रवेश हवा असेल, तर २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नावात ‘सामाईक’ असले, तरी प्रत्यक्षात हा वेगवेगळ्या विषयांच्या पेपरांचा संच आहे आणि त्यांतले कोणते पेपर द्यायचे हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचे असते. महाराष्ट्रात हा निर्णय बहुतेक घरांत अर्ज भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात, बारावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना घेतला जातो, आणि तिथेच नुकसान होते. पेपर उत्तम जाऊनही निवडलेल्या विषयांचा गट हव्या त्या अभ्यासक्रमाला चालत नसेल, तर त्या गुणांचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून विषय निवडण्याचे काम अकरावीच्या प्रवेशापासून सुरू करून बारावीच्या डिसेंबरपर्यंत संपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कसे करायचे, याची मांडणी पुढे केली आहे.

परीक्षेची रचना

२०२५ पासून लागू झालेल्या रचनेनुसार सीयूईटीमध्ये एकूण ३७ विषय आहेत. त्यांत १३ भाषा, २३ अभ्यासविषय (भाषांखेरीजचे, गणित, इतिहास यांसारखे विषय) आणि एक सामान्य अभियोग्यता चाचणी (सामान्यज्ञान, अंकगणित व तर्कशक्ती यांची) येते. एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त पाच विषय निवडता येतात. प्रत्येक पेपर ६० मिनिटांचा असून त्यात ५० प्रश्न असतात आणि ते सर्व सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला ५ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो, आणि अशा रीतीने प्रत्येक पेपर २५० गुणांचा होतो. परीक्षा संगणकावर आणि वर्षातून एकदाच होते. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने वयाची अट ठेवलेली नाही.

ही रचना आधी अशी नव्हती. २०२४ मध्ये सहा विषय घेता येत होते आणि अनेक पेपरांत ५० पैकी ४० प्रश्न सोडवण्याची मुभा होती. त्यामुळे वरच्या वर्गातल्या भावाबहिणींकडून किंवा जुन्या मार्गदर्शक पुस्तकांतून मिळणारा ‘एखादा पेपर जास्तीचा घेऊन ठेव’ हा सल्ला आता फारसा कामाचा राहिलेला नाही. पाचच जागा असल्यामुळे प्रत्येक पेपर कोणत्या ना कोणत्या अभ्यासक्रमासाठी उपयोगी पडलाच पाहिजे.

पहिली पायरी: अभ्यासक्रमाकडून विषयाकडे यावे

बहुतेक विद्यार्थी ‘मला कोणते विषय चांगले येतात’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा आहे, तो अभ्यासक्रम कोणत्या पेपरांचे गुण मोजतो? एका वहीत आठ-दहा अभ्यासक्रमांची यादी करावी. प्रत्येकासमोर विद्यापीठाचे नाव, मोजले जाणारे पेपर, बारावीत आवश्यक असलेले विषय आणि भाषेबद्दलची अट अशा चार गोष्टी लिहाव्यात. ही माहिती एनटीएच्या माहितीपत्रकात पूर्ण मिळत नाही. ती त्या त्या विद्यापीठाच्या प्रवेशविषयक माहितीपत्रकात असते, आणि मुलाला प्रवेश विद्यापीठ देते, एनटीए नव्हे, हे विसरू नये.

दिल्ली विद्यापीठाचे उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रातून तिथे जाऊ इच्छिणारे विद्यार्थी बरेच असतात आणि तिथल्या नियमांची आखणी सुस्पष्ट आहे. अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी एक भाषा, गणित आणि आणखी दोन अभ्यासविषय मोजले जातात. गणिताशिवाय तिथे प्रवेश नाही. वाणिज्य ऑनर्ससाठी भाषेच्या जोडीला गणित किंवा लेखाकर्म यांपैकी एक आणि शिवाय दोन विषय लागतात, म्हणजे गणित न घेतलेल्यालाही मार्ग आहे. व्यवस्थापनाच्या बीएमएससारख्या पदवीसाठी भाषा, गणित आणि सामान्य अभियोग्यता चाचणी असे तीनच पेपर मोजले जातात. इतिहास, राज्यशास्त्र यांसारख्या कला शाखेच्या ऑनर्स पदव्यांना एक भाषा आणि कोणतेही तीन अभ्यासविषय चालतात. भौतिकशास्त्र ऑनर्सची गुणवत्ता यादी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांच्या ७५० गुणांवर लागते. भाषेचे गुण त्यात मिळवले जात नाहीत, मात्र एका भाषेत किमान ३० टक्के, म्हणजे २५० पैकी ७५ गुण, मिळवावेच लागतात. भाषा मोजली जात नाही एवढेच ऐकून तो पेपर वगळणारा विद्यार्थी तिन्ही विज्ञान विषयांत कितीही गुण मिळवूनही अपात्र ठरू शकतो.

यादी तयार झाली, की तीत वारंवार येणारे पेपर आपोआप डोळ्यांत भरतात. तेच पाचातले पहिले तीन किंवा चार विषय होत.

दुसरी पायरी: अकरावीतच घ्यायचा निर्णय

२०२५ पासून एनटीएने बारावीत कोणते विषय होते याचा विचार न करता कोणताही पेपर निवडण्याची मोकळीक दिली आहे. या मोकळिकीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पेपर देता येतो, परंतु विद्यापीठ त्याचे गुण मोजेलच असे नाही. दिल्ली विद्यापीठ सामान्यतः बारावीत उत्तीर्ण झालेल्या विषयांतलेच सीयूईटीचे पेपर ग्राह्य धरते. म्हणून खरी पहिली मुदत सीयूईटीच्या अर्जाची नाही, तर अकरावीला विषय निवडण्याची आहे.

आपल्याकडे वाणिज्य शाखेत ही अडचण सर्वांत ठळकपणे दिसते. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत ‘गणित की एसपी’ असा पर्याय असतो, आणि बोर्डात टक्के वाढावेत म्हणून मुले एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, हा विषय घेतात. सीयूईटीत या विषयाचा स्वतंत्र पेपर नाही. म्हणजे त्या निवडीमुळे एक पेपर हातातून जातो, अर्थशास्त्र ऑनर्स आणि बीएमएस यांची दारे बंद होतात, आणि उरलेल्या पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र आणि वाणिज्य संघटन या तीन विषयांवरच सारी भिस्त राहते. वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन या विषयासाठी सीयूईटीतला व्यवसाय अध्ययनाचा पेपर जवळचा आहे. केंद्रीय विद्यापीठात जाण्याचा पुसटसा विचार जरी मनात असेल, तरी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गणित सोडू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

विज्ञान शाखेत प्रश्न वेगळा आहे. दुसरी भाषा सोडून माहिती तंत्रज्ञान घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडे बारावीत इंग्रजी ही एकच भाषा उरते. इंग्रजी अनिवार्य असल्यामुळे भाषेची अट पूर्ण होते, पण मराठीचा पेपर देऊन तो दिल्लीत ग्राह्य धरून घेणे त्यांना अवघड जाते. कला शाखेत मात्र मानसशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र या सर्वांचे सीयूईटी पेपर आहेत. तिथे चुकीची निवड होण्याचा धोका सर्वांत कमी असतो.

तिसरी पायरी: पाच जागा भरणे

वाणिज्य शाखेत गणित असलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजी, गणित, लेखाकर्म, अर्थशास्त्र आणि सामान्य अभियोग्यता चाचणी हे पाच पेपर घेतले, तर वर सांगितलेले अर्थशास्त्र ऑनर्स, वाणिज्य ऑनर्स आणि बीएमएस हे तिन्ही मार्ग एकाच वेळी खुले राहतात. याहून अधिक काम देणारा गट माझ्या पाहण्यात नाही. गणित नसेल, तर त्याच्या जागी व्यवसाय अध्ययन घ्यावे.

विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही असतील, तर इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र यांतच पाच जागा संपतात. इथे सामान्य अभियोग्यता चाचणीला जागा उरत नाही, आणि जीवशास्त्र ठेवायचे की ही चाचणी, हे यादी पाहूनच ठरवावे लागते. जीवशास्त्राशी संबंधित एकही अभ्यासक्रम यादीत नसताना केवळ बारावीला विषय आहे म्हणून तो पेपर देऊ नये.

कृषी शाखेकडे जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट विशेष उपयोगाची आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय कोट्यातील पदवी प्रवेश २०२३ पासून सीयूईटीच्या गुणांवर होतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांतल्या राज्य कोट्याच्या जागा एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून भरल्या जातात. म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित यांचा एकच अभ्यास करून दोन परीक्षा देता येतात आणि राज्याबाहेरच्या कृषी विद्यापीठांचाही विचार करता येतो. ग्रामीण भागातल्या अनेक होतकरू मुलांपर्यंत ही माहिती वेळेवर पोहोचत नाही, याचे वाईट वाटते.

कला शाखेत एक भाषा आणि तीन अभ्यासविषय हा पाया पक्का करावा. पाचवी जागा दुसरी भाषा आणि सामान्य अभियोग्यता चाचणी यांपैकी एकीला द्यावी. ही चाचणी सामान्यज्ञान, चालू घडामोडी, अंकगणित आणि तर्कशक्ती यांवर असते. यादीत व्यवस्थापनाचे किंवा व्यावसायिक स्वरूपाचे अभ्यासक्रम असतील, तर ती घ्यावी. त्याचप्रमाणे २०२५ मध्ये उद्योजकता, पर्यटन, विधी अध्ययन, फॅशन अध्ययन अशा काही विषयांचे स्वतंत्र पेपर बंद झाले आणि त्यांच्याशी संबंधित प्रवेशांसाठी याच चाचणीचे गुण धरण्याची सोय करण्यात आली, हेही ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी: भाषा आणि माध्यम यांत गल्लत करू नये

अर्जात भाषेचा उल्लेख दोन ठिकाणी येतो. एक म्हणजे परीक्षेचा विषय म्हणून निवडलेली भाषा, आणि दुसरे म्हणजे इतर पेपर ज्या भाषेत वाचायचे ते माध्यम. मराठी या दोन्ही ठिकाणी उपलब्ध आहे. इतिहासाचा पेपर मराठीतून देऊन भाषेचा पेपर इंग्रजीचा देणे किंवा याच्या उलट करणे, दोन्ही शक्य आहे.

भाषेच्या पेपरात उताऱ्यांचे आकलन, शब्दसंपदा आणि साहित्याची जाण तपासली जाते. इंग्रजीचा पेपर बहुतेक सर्व ठिकाणी चालतो, म्हणून ज्याचे इंग्रजी वाचन बऱ्यापैकी आहे त्याने तोच घ्यावा. परंतु मराठी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजी उतारा वाचताना अडखळणाऱ्या आणि मराठीवर उत्तम पकड असलेल्या विद्यार्थ्याला केवळ सवयीने इंग्रजी घ्यायला लावणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. ‘१३ भाषांपैकी कोणतीही एक’ अशी अट असलेल्या अभ्यासक्रमांत मराठीचे २५० गुण इंग्रजीच्या २५० गुणांइतकेच मोलाचे असतात. यादीतल्या किती अभ्यासक्रमांना नेमकी इंग्रजीच हवी आहे, हे मोजावे. एखादाच असेल, तर मराठी घ्यावी आणि पाचव्या जागी इंग्रजी ठेवावी.

माध्यमाचा निर्णय अधिक कठीण आहे. सीयूईटी ज्यांच्या अभ्यासक्रमावर आधारलेली आहे, ती एनसीईआरटीची (सीबीएसई शाळांत चालणारी राष्ट्रीय) पाठ्यपुस्तके इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघतात. मराठीत निघत नाहीत. प्रश्नपत्रिका मराठीत अनुवादित होऊन येते, तेव्हा तिच्यातल्या संज्ञा आपल्या बालभारतीच्या पुस्तकांतल्या संज्ञांशी जुळतीलच असे नाही. मराठी माध्यम निवडणाऱ्याने प्रत्येक प्रकरणातल्या महत्त्वाच्या संज्ञांची मराठी आणि इंग्रजी जोडयादी स्वतः लिहून काढावी. विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकलेल्यांनी माध्यम इंग्रजीच ठेवावे.

पाचवी पायरी: बोर्ड आणि सीयूईटी यांतले अंतर मोजणे

सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर आधारलेला आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाचा विद्यार्थी प्रत्येक विषयात त्यापासून सारख्याच अंतरावर नसतो, आणि विषय निवडताना हे अंतर मोजणे मला आवडनिवडीइतकेच महत्त्वाचे वाटते.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि विज्ञान शाखेचे गणित यांत बराचसा भाग समान आहे. तिथे तयारी म्हणजे मुख्यतः वेगाचा आणि वस्तुनिष्ठ प्रश्नांचा सराव. भूगोलात मंडळाच्या पुस्तकातली लोकसंख्या, वस्ती, प्राथमिक ते तृतीयक आर्थिक क्रिया ही प्रकरणे एनसीईआरटीच्या मानवी भूगोलाशी चांगली जुळतात. भारताविषयीचा भाग मात्र वेगळा वाचावा लागतो.

इतिहासात अंतर फार मोठे आहे. आपल्या बारावीच्या पुस्तकाची सुरुवात युरोपातील प्रबोधनापासून होते आणि ते वसाहतवाद, स्वातंत्र्यलढा, महायुद्धे, निर्वसाहतीकरण व शीतयुद्ध असा प्रवास करून बदलत्या भारतापर्यंत येते. एनसीईआरटीचा बारावीचा इतिहास हडप्पा संस्कृतीपासून सुरू होतो आणि महाभारतकालीन समाज, सांचीचा स्तूप, परदेशी प्रवाशांची वर्णने, भक्ती-सूफी परंपरा, विजयनगर, मुघलकालीन शेती, १८५७ चा उठाव आणि संविधाननिर्मिती अशा विषयांवर थांबून थांबून पुढे जातो. बोर्डात इतिहासात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थीही सीयूईटीच्या इतिहासाला नव्यानेच सुरुवात करत असतो. इतिहासाची मनापासून गोडी असेल तर तो अवश्य घ्यावा, परंतु अकरावीनंतरच्या सुट्टीत एनसीईआरटीची ती तीन भागांतली पुस्तके हातात घेण्याच्या तयारीनेच.

राज्यशास्त्राचीही स्थिती थोडीफार अशीच आहे. १९९१ नंतरचे जग आपल्या पुस्तकात येते, पण स्वातंत्र्योत्तर भारतातील राजकारणाचा एनसीईआरटीतला तपशील तिथे नाही. अर्थशास्त्रात सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राचा पाया समान आहे. भारताच्या आर्थिक विकासाचे स्वतंत्र पुस्तक मात्र वाचायला लागते. लेखाकर्मात भागीदारीची प्रकरणे जुळतात, तर कर्जरोख्यांसारखा भाग नव्याने करावा लागतो आणि आपल्याकडची हुंडीची प्रकरणे तिथे उपयोगी पडत नाहीत.

हे अंतर मोजायची साधी रीत अशी: सीयूईटीचा अधिकृत अभ्यासक्रम छापून घ्यावा आणि प्रत्येक घटकापुढे ‘झाला’, ‘अर्धा झाला’, ‘नवा’ अशी खूण करावी. ज्या विषयात निम्म्याहून अधिक घटक ‘नवा’ निघतील आणि हातात चार महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल, तो विषय शक्य असल्यास बदलावा.

सहावी पायरी: वेळापत्रक

अकरावीच्या जून-जुलैमध्ये विषय निश्चित होतात. त्याआधी अभ्यासक्रमांची कच्ची यादी तयार हवी. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात सर्वांत मोठे अंतर असलेला एक विषय निवडून त्याची एनसीईआरटी पुस्तके एकदा वाचून काढावीत. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक संभाव्य विषयाचा मागचा एक पेपर घड्याळ लावून सोडवावा. डिसेंबरअखेर पाच विषय, भाषा आणि माध्यम कागदावर पक्के लिहून ठेवावे. डिसेंबर का, याचे कारण अर्जाच्या तारखांत आहे. अर्ज २०२२ मध्ये एप्रिलमध्ये, २०२३ मध्ये फेब्रुवारीत आणि २०२५ मध्ये मार्चमध्ये सुरू झाले. या तारखा हलत्या असतात आणि नेमक्या प्रात्यक्षिक व लेखी बोर्ड परीक्षेच्या काळात येऊ शकतात. त्या धावपळीत नवा विचार करायला वेळ आणि मनःशांती दोन्ही नसतात.

जानेवारी ते मार्च पूर्णपणे बोर्डाला द्यावेत. दिल्ली विद्यापीठात बारावीचे टक्के गुणवत्ता यादीत धरले जात नसले, तरी दोघांचे सीयूईटी गुण सारखे झाल्यास बारावीच्या सर्वोत्तम तीन विषयांच्या टक्केवारीवर क्रम ठरतो. बोर्ड संपल्यापासून सीयूईटीपर्यंत साधारण दोन महिने मिळतात. २०२५ मध्ये परीक्षा १३ मेपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत चालली. हे दोन महिने ‘नवा’ आणि ‘अर्धा झाला’ या घटकांसाठी राखून ठेवावेत.

सराव करताना गुणपद्धतीचा हिशेब पक्का असावा. चार पर्यायांतून डोळे झाकून उत्तर निवडले, तर सरासरीने चारांपैकी एकदा ५ गुण मिळतात आणि तीनदा ३ गुण जातात, म्हणजे प्रत्येक प्रश्नामागे अर्धा गुण हाती येतो. एक पर्याय खात्रीने वगळता आला, तर हा लाभ सरासरी एका गुणापर्यंत जातो. त्यामुळे सीयूईटीत प्रश्न कोरे सोडण्यात शहाणपण नाही. ५० प्रश्नांपर्यंत पोहोचण्याचा वेग हीच तिथली खरी कसोटी आहे.

सातवी पायरी: इतर परीक्षांशी मेळ

२०२५ मध्ये एमएचटी-सीईटीचे दोन्ही गट (गणिताचा आणि जीवशास्त्राचा) एप्रिलमध्ये झाले, नीट ४ मे रोजी झाली आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड १८ मे रोजी. म्हणजे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला सीयूईटी या परीक्षांच्या शेवटी किंवा जोडीनेच, थकलेल्या अवस्थेत द्यावी लागते. त्याच्यासाठी पाच पेपरांऐवजी चार पेपर, आणि तेही आधीच झालेल्या अभ्यासातले, हाच योग्य बेत आहे. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण असतात आणि अकरावीचा सुमारे २० टक्के भाग असतो. दोन्ही परीक्षांचा सराव एकाच सत्रात मिसळू नये. व्यवस्थापनाकडे जाणाऱ्यांनी राज्याची बीबीए-बीसीए-बीएमएस सीईटी, जी २०२४ पासून सुरू झाली, तीही द्यावी. तिच्यासाठी केलेली तर्क आणि अंकगणिताची तयारी सामान्य अभियोग्यता चाचणीला तशीच्या तशी उपयोगी पडते.

निकालाच्या वेळेचाही विचार हवा. २०२५ मध्ये आपल्या बारावीचा निकाल ५ मे रोजी आणि सीयूईटीचा ४ जुलै रोजी लागला. मधल्या काळात मुंबई-पुण्यातल्या महाविद्यालयांचे पदवी प्रवेश सुरू होऊन पुढेही गेलेले असतात. स्थानिक महाविद्यालयात एक प्रवेश घेऊन ठेवावा आणि तो रद्द केल्यास शुल्क किती परत मिळते, हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

आठवी पायरी: अर्ज

अर्जातले नाव, वडिलांचे आणि आईचे नाव व जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहावी. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की केंद्रीय विद्यापीठांत केंद्राची इतर मागासवर्गीयांची यादी आणि केंद्राच्या नमुन्यातले नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र चालते; राज्याच्या नमुन्यातले चालत नाही. महाराष्ट्राचे एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण तिथे लागू होत नाही. तहसील कार्यालयातून केंद्राच्या नमुन्यातला दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून हे काम दिवाळीपूर्वीच हाती घ्यावे.

शुल्क विषयांच्या संख्येप्रमाणे वाढते. अर्ज भरून झाल्यावर पुष्टीपत्र छापावे आणि त्यावरचे विषय, भाषा व माध्यम डिसेंबरात लिहून ठेवलेल्या कागदाशी ताडून पाहावे. चूक आढळल्यास अर्ज दुरुस्तीसाठी काही दिवसांची खिडकी उघडते. त्या मुदतीत विषयसुद्धा बदलता येतात, मात्र ती मुदत संपल्यावर कोणत्याही कारणाने बदल स्वीकारला जात नाही.